सपाट हातावरचा प्रसाद

तक्रार एका ओळीची होती. माकणीच्या तुळजाबाईंनी ती शेजारच्या पोरीकडून लिहून घेतली होती: ‘माझा लेक बलभीम प्रसादाला भेतो, तरी चौकशी व्हावी.’

बलभीम चाळिशीचा. अंगानं दणकट आणि डोक्यानं पाच वर्षांचा, असं गावातले लोक म्हणत. तुळजाबाई म्हणत, “पाचाचा न्हाय अन् चाळिसाचाबी न्हाय. माझा बलभीम बलभीमाएवढा हाय.” पण पुढं त्यांचे गुडघे गेले. त्याला न्हाऊ घालणं, रात्री उठवणं निभेना. मग काळजावर दगड ठेवून त्यांनी त्याला अणदूरच्या पलीकडं माळावर असलेल्या ‘मायेचा पदर’ या निवासी गृहात ठेवलं. त्याच्यासारखी तीस-पस्तीस मोठी माणसं तिथं राहत होती. वर्षभरानं एका दिवसाची परवानगी काढून त्या त्याला अणदूरच्या खंडोबाला घेऊन गेल्या. पुजाऱ्यानं प्रसादाचा हात पुढं केला मात्र, बलभीमनं डोळे गच्च मिटले, दोन्ही हात फळीसारखे ताठ पुढं धरले आणि उभ्या उभ्या लेंगा ओला केला.

तक्रारीत ‘प्रसाद’ हा शब्द होता, म्हणून सरकारी कचेरीनं कागद खाण्याचे पदार्थ तपासणाऱ्या लोकांकडं पाठवला. त्यांनी संस्थेत जाऊन साखरफुटाण्यांचा नमुना घेतला आणि कळवलं, की प्रसाद माणसानं खाण्यास योग्य आहे. तुळजाबाई पुन्हा गेल्या. तेव्हा कळलं, की ज्याला त्रास झाला त्यानंच तक्रार करावी लागते. पण बलभीमची तक्रार चालत नव्हती, कारण त्याला काही कळत नाही असा दाखला होता. मग त्याच्या वतीनं पालकानं करावी. पण संस्थेत दाखल करताना कागदावर पालक म्हणून अधीक्षकांचं नाव लागलं होतं. तेव्हा कचेरीनं अधीक्षकांनाच रीतसर विचारलं, की पालक या नात्यानं आपली आपल्याविरुद्ध काही तक्रार आहे काय. त्यांनी उलट टपाली कळवलं, की नाही.

तिसऱ्या खेपेला तुळजाबाई कचेरीच्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. मग समिती नेमली गेली.

समितीत एक महिला, एक अल्पसंख्याक आणि एक शिक्षणातला जाणकार असावा, असा नियम होता. तेरच्या निवृत्त शिक्षिका तरन्नुमबाई एकट्याच तिन्ही जागी बसल्या, त्यामुळं दोन खुर्च्या आणि दोन चहा वाचले. अध्यक्ष होते बेंबळकर साहेब; माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकताना त्यांना चक्कर यायची. उरलेले सदस्य एक डॉक्टर होते. ते आले नाहीत, मात्र ‘पाहणी समाधानकारक’ यावर त्यांनी आधीच सही करून पाठवली होती.

जीप फाटकाशी थांबली तेव्हा तुळजाबाई बाहेर बाभळीखाली बसल्या होत्या, मांडीवर फडक्यात बांधलेली धपाटी.

“आजी, आत चला की,” तरन्नुमबाई म्हणाल्या.

“न्हाय सोडत, बाई. म्या पालक न्हाय म्हनं.”

“मग तुम्ही कोण?”

“आई हाय नुसती.”

बेंबळकर साहेबांनी खाली मान घातली आणि नियमात ‘आई’ कुठं बसते ते आठवत ते आत गेले.

अधीक्षक रणधीर ढोबळे हात जोडून उभे होते. कपाळावर भंडारा, अंगात पांढरेशुभ्र कपडे. “या, या! आमची लेकरं सकाळपासून वाट बघतायत.”

तरन्नुमबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. आयुष्य लेकरांत गेलेलं, त्यामुळं लेकरं म्हटलं की त्यांची नजर आपोआप कमरेएवढ्या उंचीवर जायची. तिथं कुणी नव्हतं. नजर वर केली तर ओळीनं माणसं उभी होती. कुणाच्या दाढीचे खुंट पांढरे, कुणाला टक्कल. सगळ्यांना एकाच मापाचे निळे सदरे. एकाच्या तो बेंबीवर, तर दुसऱ्याच्या गुडघ्यावर.

“ह्यांना काही कळत नसतं हो,” ढोबळे म्हणाले. “देवाची माणसं.”

“आणि इथं ‘सर्व निवासी पूर्ण समाधानी आहेत’ असं लिहिलंय,” बेंबळकर साहेब कागद बघत म्हणाले. “हे कसं ठरवलं?”

“त्यांनाच विचारलं की.”

साहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी बरोबरची खूण केली.

मग साहेबांनी ओळीपुढं फिरून विचारपूस सुरू केली. “काय, जेवण मिळतं ना?”

“मिळतं.”

“आणि साहेब काय देतात?”

“प्रसाद,” पहिला म्हणाला.

“प्रसाद,” दुसरा म्हणाला.

“रोज?”

“रोज. गादी वली झाली की दोनदा.”

बेंबळकर साहेबांचा चेहरा उजळला. “वा! म्हणजे आजारी वगैरे पडलं तर जादा. फार चांगली प्रथा आहे.” आणि त्यांनी लिहून घेतलं, की संस्थेत दररोज प्रसाद दिला जातो, गरजूंना दोनदा.

तरन्नुमबाई ‘प्रसाद’ या शब्दापाशीच अडकल्या. त्यांची जुनी सवय होती. लेकरू एखादा शब्द बोललं, की तो आपल्याला माहीत आहे असं त्या कधी धरून चालत नसत. पहिलीतल्या एका पोरानं ‘घरी वाघ आहे’ म्हणून सांगितलं होतं. वाघ म्हणजे त्याचा चुलता निघाला होता.

“अधीक्षकसाहेब,” त्या म्हणाल्या, “आम्हालाही द्या की प्रसाद.”

ढोबळे क्षणभर चपापले, मग हसले. “तुम्हाला चालतो?”

“अहो, खंडोबाच्या यात्रेत साखरफुटाणे खाऊनच मोठी झाले मी. सगळ्यांना वाटा. सगळे मिळून खाऊ.”

ढोबळ्यांनी परात मागवली. गुलाबी-पांढऱ्या फुटाण्यांनी भरलेली, तपासून योग्य ठरलेली परात. ते पहिल्या माणसापुढं उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “चला, प्रसाद घ्या!”

तीस-पस्तीस जोडी हात एकदम पुढं आले. सपाट. बोटं जोडलेली, अंगठे बाजूला ताणलेले. तीस-पस्तीस जोडी डोळे मिटले. शेवटच्या माणसानं जीभ दातांखाली धरली.

ढोबळ्यांनी मुठीमुठीनं फुटाणे टाकले. सपाट हातावर फुटाणा कशाला थांबतोय? टपटप, टपटप करत सगळे फरशीवर. खोलीभर गारा पडल्यासारखे फुटाणे घरंगळत गेले, खुर्च्यांखाली, दाराशी उभ्या जीपचालकाच्या बुटापर्यंत. एकही माणूस वाकला नाही. एकानंही डोळे उघडले नाहीत. ते अजून वाट बघत होते.

“काय शिस्त आहे!” बेंबळकर साहेब पुटपुटले.

तरन्नुमबाईंनी मात्र आपले हात पाहिले. उजवा डाव्यावर, मधे खळगा. असा हात दर्ग्यात होतो, देवळात होतो, पाणी पिताना होतो. तो कुणाला शिकवावा लागत नाही. सपाट हात मात्र शिकवावा लागतो. आणि साखरफुटाणा खाली पडला असताना जो उचलत नाही, त्याच्यावर काहीतरी भयंकर गुदरलेलं असतं, हे कळायला समिती लागत नाही.

त्या बलभीमपाशी गेल्या. आईनं सांगितलेल्या खुणेवरून, उजव्या कानामागच्या चामखिळीवरून, त्यांनी त्याला ओळखलं. “बलभीमराव, डोळे उघडा. झालं.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ‘राव’ म्हटल्यामुळं बलभीमनं मागं वळून पाहिलं, की हे कुणाला बोलावतायत.

“आपण खेळ खेळू या का? तुम्ही साहेब व्हा. हे मोठे साहेब तुमच्या जागी उभे राहतील.”

“अहो बाई,” ढोबळे पुढं सरसावले, “हे कसले खेळतायत? त्यांना काही कळत नाही.”

“मग बिघडलं कुठं?” तरन्नुमबाई शांतपणे म्हणाल्या. “कळतच नसेल, तर खेळातून काय बाहेर यायचंय?”

बेंबळकर साहेबांनी विचार केला. समितीच्या अध्यक्षानं खेळू नये असं नियमात कुठं नव्हतं. ते ओळीत जाऊन उभे राहिले, निळ्या सदऱ्यांच्या मधे, आपल्या चौकड्याच्या शर्टात.

बलभीमनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यानं सदरा खाली ओढला, पोट पुढं काढलं आणि टेबलामागच्या खुर्चीवर जाऊन पायावर पाय टाकून बसला. खोलीतला एक जण खुदकन हसला.

“ए भडव्यानो!” बलभीम ओरडला. आवाज हुबेहूब ढोबळ्यांचा. “आज कोन मुतलं गादीत?”

बलभीमनं बोट रोखलं. “तू. चौकड्याचा सदरा.”

“मी?” बेंबळकर साहेब गोंधळले. “म्हणजे... असेल. हो.”

“प्रसाद खानार?”

“खातो की.”

बलभीम उठला. भिंतीवर देवाची मोठी तसबीर होती, ताज्या हाराची. तिला त्यानं आधी नमस्कार केला, कारण ढोबळे करत असत. मग तसबिरीच्या मागं हात घातला आणि ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा काढला.

ढोबळ्यांच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओघळू लागला. “तो... तो झुरळासाठी...”

“साहेब खेळतायत,” तरन्नुमबाई म्हणाल्या. “मधे बोलू नका.”

बेंबळकर साहेबांना प्रसादाची सवय, त्यांनी खळगा करून हात पुढं केला. बलभीमनं मान हलवली. “असं न्हाय.” त्यानं साहेबांचं एकेक बोट हळुवार सरळ केलं, अंगठा बाजूला ताणला, तळहात सपाट केला. “असं. अन् डोळं मिट.”

साहेबांनी डोळे मिटले.

सट्!

साहेब ओरडले तो आवाज फाटकापर्यंत गेला. बाभळीखालच्या तुळजाबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून उठल्या.

“वरडायचं न्हाय,” बलभीम अधीक्षकांच्या आवाजात म्हणाला. “वरडलं की आनिक एक.” आणि नेमानं आणखी एक दिला.

मग खेळ संपला असावा. कारण बलभीमनं नळी टेबलावर ठेवली, पोट आत घेतलं आणि साहेबांचा लालेलाल हात दोन्ही हातांत धरून त्यावर फुंकर घालू लागला. शेजारचा टकला माणूसही सरकला आणि फुंकू लागला. मग तिसरा. रोज रात्री एकमेकांना ते तेवढंच औषध करत असावेत.

“गुन्हा!” ढोबळे किंचाळले. “सरकारी माणसावर हात उचलला! बलभ्यावर गुन्हा दाखल करा, साहेब. पक्का बेरकी आहे तो. सगळं कळतं त्याला! कोण काय बोलतं, कुठं काय ठेवलंय, सगळं! नाटकं करतो नुसती!”

फुंकर घालणारे थांबले.

“काय म्हणालात?” बेंबळकर साहेबांनी विचारलं. हात ठणकत होता, पण नियम जागा झाला होता.

“सगळं कळतं त्याला!”

“हे लिहून देता?”

“आत्ता देतो!” आणि रागाच्या भरात ढोबळ्यांनी खरंच लिहून दिलं, खाली सही, तारीख आणि संस्थेचा शिक्का. शिक्का दाबताना त्यांचा हात मधेच थांबला. पण तोवर उमटला होता.

तरन्नुमबाईंनी कागद उचलून साहेबांपुढं ठेवला. “बघा साहेब. पालकांचंच म्हणणं आहे, बलभीमरावांना सगळं कळतं. म्हणजे आता त्यांची तक्रार त्यांनाच करता येईल.”

बेंबळकर साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना चक्कर न येता मोकळं वाटलं. “येईल,” ते म्हणाले. “नक्कीच येईल. बलभीमराव, तुमची काय तक्रार आहे?”

बलभीमनं ढोबळ्यांकडं पाहिलं. मग तरन्नुमबाईंकडं. मग तसबिरीकडं, जणू तिथून अजून काही निघेल. शेवटी तो म्हणाला, “प्रसाद नगं.”

साहेबांनी ते लिहायला घेतलं, पण उजवा हात सुजून पुरीसारखा झाला होता. पेन धरवेना. शेवटी तक्रार तरन्नुमबाईंनी लिहिली. प्रसाद म्हणजे काय ते हातावर अनुभवल्याबद्दल साहेबांनी त्यावर अध्यक्ष म्हणून जबाब दिला आणि खाली सही करता येईना म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवला. अंगठ्याला साक्षीदार लागतो. ‘पाहणी समाधानकारक’वाले डॉक्टर हजर नव्हते. तेव्हा फाटक ढकलून आत आलेल्या तुळजाबाईंना खुर्ची दिली गेली. त्या प्रौढांच्या वर्गात जेवढं शिकल्या होत्या तेवढं, म्हणजे आपलं नाव, त्यांनी जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं.

“साहेब अंगठेबहाद्दर हायत व्हय?” त्यांनी तरन्नुमबाईंच्या कानात विचारलं.

“आजपासून,” तरन्नुमबाई म्हणाल्या.

साहेबांनी डाव्या हातानंच फोन लावला. दिवस मावळायच्या आत पोलिसांची गाडी आली आणि ढोबळे तिच्यात बसले. जाताना त्यांनी सवयीनं तसबिरीला नमस्कार केला. रात्रीपुरतं अणदूरच्या शाळेतून दोन शिक्षक आणि दोन सेविका राहायला आल्या. नवा अधीक्षक येईपर्यंत तरन्नुमबाईंनीही मुक्कामाची पिशवी मागवली. बलभीम मात्र आईबरोबर माकणीला जाणार होता, थोडे दिवस तरी. पुढं कुठं राहायचं, हे ह्या खेपेला त्याला विचारून ठरणार होतं. त्याला सगळं कळतं, असं सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं.

निघताना तुळजाबाईंनी धपाट्यांचं फडकं सोडलं. बलभीमनं फरशीवरून वेचलेले फुटाणे फुंकून धपाट्यावर ठेवले आणि सगळ्यांना वाटत निघाला. हात पुढं करणारे बरेच जण अजून डोळे मिटत होते. त्यांना तो काही न बोलता तोंडातच भरवी.

तो बेंबळकर साहेबांपुढं आला. “साहेब, घ्या.”

साहेबांनी हात पुढं केला. सपाट. बोटं जोडलेली, अंगठा बाजूला. डोळे गच्च मिटलेले. त्यांना दोनच फटके मिळाले होते.

फुटाणा हातावरून घरंगळून खाली पडला.

“असं न्हाय, साहेब,” बलभीम म्हणाला. त्यानं धपाटं काखेत धरलं, साहेबांचा सुजलेला हात घेतला आणि त्यांची बोटं एकेक करून, दुखणार नाही अशी, आत वळवली. “वाटी करा.”