केसभर वाकडा

मित्रांनो, मी एक जुना गुण्या आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. सुतार दोन फळ्या जोडतो तेव्हा त्यांचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे मी सांगतो. माझा एक हात शिसवी लाकडाचा, जाड आणि आखूड. दुसरा पोलादाचा, पातळ आणि लांब. सांध्यावर पितळेचे तीन रिवेट आहेत. लाकडी हात फळीच्या कडेला टेकवायचा आणि पोलादी हाताला धरून पेन्सिलीने रेघ मारायची, एवढेच माझे काम. पण तोरा विचाराल तर कामापेक्षा चौपट. साऱ्या जगाला वाकडे म्हणायचा मला अधिकार होता आणि मला वाकडे म्हणणारे कुणी नव्हते.

माझे पहिले धनी एक मिस्त्री होते. दारे, खिडक्या, कपाटे असे सगळे ते करत. करवतीने फळी कापून झाली की ते मला तिच्यावर लावून उजेडाकडे धरत. माझ्या आणि फळीच्या मधल्या फटीतून प्रकाश दिसला की फळी पुन्हा रंध्याखाली जाई. करवतीचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होई. दुसऱ्याची चूक काढण्यात एक सुख असते आणि ते मी पुरेपूर घेतले.

एकदा मी शिडीवरून खाली फरशीवर आपटलो. मिस्त्रींनी मला उचलून पुसले, एका फळीवर ठिपका केला आणि तिथून माझ्या आधाराने रेघ मारली. मग मला पालथे करून त्याच ठिपक्यापासून दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. त्या दिवसापासून ते प्रत्येक खूण दोनदा करू लागले, एकदा मला सुलटे धरून आणि एकदा पालथे, आणि करवत चालवत ती दोन्ही रेघांच्या मधोमध. मला वाटले, वय झाले बिचाऱ्यांचे, नजर अधू झाली. माझ्यात काही खोट असेल, असे माझ्या स्वप्नातही आले नाही.

मिस्त्री गेले आणि त्यांची हत्यारे पुतण्याच्या गॅरेजमध्ये गेली. पुतण्याने मला एकदाच वापरले, ते रंगाच्या डब्याचे झाकण उचकटायला. मग कित्येक वर्षे मी एका खोक्याच्या तळाशी गंजत पडलो. शेवटी त्याने घर बदलायचे ठरवले, गॅरेजचे शटर वर केले आणि नको असलेले सगळे टेबलांवर मांडून विकायला काढले. माझे खोके टेबलाखालीच राहिले. लोक येत, दिवे आणि खुर्च्या पाहत, आणि मला पायाने सरकवून पुढे जात.

तेवढ्यात काटेसाहेब आले. हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते वजनमापे तपासणाऱ्या कचेरीत नोकरीला होते आणि चाळीस वर्षे दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत हिंडले, म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेले हे नाव. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या हत्यारांचा नाद लागला. रविवार उजाडला की पिशवी घेऊन ते अशी विक्री कुठे लागली आहे ते शोधत फिरत. टेबलावरच्या वस्तूंकडे ते ढुंकूनही पाहत नसत. चांगले हत्यार नेहमी खोक्याच्या तळाशी असते, असे त्यांचे ठाम मत होते. ते खाली बसले, कोपरापर्यंत हात खोक्यात घातला आणि मला वर काढले.

घरी त्यांच्या पत्नीने माझे स्वागत केले ते असे : "आणलंत आणखी एक भंगार? आता आपण दोघं अंगणात झोपू आणि घरात तुमची हत्यारं राहू देत."

"अगं, लाकूड तर बघ. शिसवी आहे."

"बघितलं. गंजही बघितला."

आठवडाभर काटेसाहेब माझ्यामागे लागले होते. रॉकेलमध्ये भिजवून त्यांनी माझा गंज सोडवला, बारीक पॉलिश पेपरने पोलाद घासले, लाकडात जवसाचे तेल मुरवले. पितळेचे रिवेट तर असे लखलखू लागले की त्यांना त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या. ते मला प्रत्येक पाहुण्याला दाखवत. मी पुन्हा फुगलो. मला तपासून मात्र कुणी पाहिले नाही. एवढे देखणे हत्यार खोटे कसे असेल?

मग त्यांनी मला आपल्या लेकीला दिले. तिने ऑफिसातली नोकरी सोडून सुतारकाम शिकायला घेतले होते. घरच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी तिचे कामाचे टेबल होते आणि अंगावर कायम भुसा. हाताने फर्निचर करणाऱ्या एका कारखान्यात तिला काम हवे होते. तिथल्या मालकीणबाईंनी तिला एक ड्रॉवर आणि त्याची चौकट स्वतःच्या हाताने करून आणायला सांगितले. तिने केले, प्रत्येक खूण माझ्या शब्दावर. चार दिवसांनी ती ते परत घेऊन आली.

"सांधे सुरेख आहेत म्हणाल्या," तिने आईला सांगितले. "पण चौकट काटकोनात नाही. ड्रॉवर अडकतो. महिनाभरानं दुसरा आणा म्हणाल्या. तोही असाच निघाला तर दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

दुसऱ्या वेळी तिने जिवाचे रान केले. एकेक रेघ मारण्याआधी ती श्वास रोखून धरी, मला दोनदा लावून बघे. मी प्रत्येक वेळी ठणकावून सांगे, बरोबर आहे. महिना संपत आला तेव्हा ड्रॉवर तयार झाला. तिने तो आत ढकलला. तो अर्ध्यात गेला आणि घासून थांबला. ती भुशातच खाली बसली.

काटेसाहेब चहा घेऊन आले तर ती म्हणाली, "बाबा, मी ऑफिसात परत विचारून बघते. माझ्या हाताला सरळपणाच नाही."

त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि चौकट मोजली. मग कोपऱ्यातली पहिली चौकट ओढून काढली आणि तीही मोजली.

"हत्यारं तपासलीस का गं?"

"तुम्हीच दुरुस्त केलेली आहेत ती. आणि हत्यारांना दोष कशाला देऊ? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील लोक."

"कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं, बाळ. हे बघ, दोन्ही चौकटी एकाच बाजूला झुकल्यात आणि तेवढ्याच झुकल्यात. हात चुकतो तो आज इकडे, उद्या तिकडे. दरवेळी एकाच बाजूला, तेवढाच चुकतो तो काटा."

त्यांनी मला फळीवर टेकवून रेघ मारली. मग मला पालथे केले आणि त्याच ठिपक्यापासून दुसरी मारली. गुण्या खरा असेल तर या दोन रेघा एकावर एक पडतात. माझ्या खाली एक होत्या. वर गेल्यावर त्यांच्यात केसभर अंतर पडले होते. मित्रांनो, मिस्त्री तेव्हा काय पाहत राहिले होते, ते मला त्या क्षणी कळले. मला इतकी लाज वाटली की पुन्हा गंज चढला तर बरे, असे वाटले. एका चांगल्या मुलीला मी दोन महिने खोटे सांगत होतो आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला दोष देत होती.

"चाळीस वर्षं लोकांचे काटे तपासले," काटेसाहेब हळू आवाजात म्हणाले. "घरातला तेवढा राहिला. चकाकी आणली आणि तपासायचं विसरलो. चुकलं माझं."

लेक त्या दोन रेघांकडेच पाहत होती. "म्हणजे माझा हात बरा आहे?"

"बरा? अगं, दोन्ही वेळा तू याचं म्हणणं तंतोतंत ऐकलंस. इतकं अचूक चुकायला फार चांगला हात लागतो."

ती हसली आणि हसता हसता रडली. काटेसाहेब नवा गुण्या आणायला निघाले होते, पण तिने त्यांना थांबवले. "हा किती वाकडा आहे ते आता कळलंय ना," ती म्हणाली. तिने मला शिकंज्यात धरले आणि माझ्या पोलादी कडेवर बारीक कानस चालवली. दोन दिवस थोडे घासायचे, दोन रेघा मारून पाहायच्या, पुन्हा घासायचे. दुखले खूप. लखलखीत कडेवर ओरखडे आले. तिसऱ्या दिवशी तिने दोन रेघा मारल्या आणि फळीवर एकच दिसली.

झाला प्रकार ऐकून मालकीणबाईंनी आणखी आठ दिवस दिले होते. त्यांच्यासमोर तिने नवा ड्रॉवर ठेवला. बाईंनी एका बोटाने तो ढकलला आणि तो आतली हवा बाहेर लोटत, सावकाश, शेवटपर्यंत गेला. त्यांनी तो बाहेर ओढला आणि पुन्हा ढकलला. मग विचारले, "सोमवारपासून जमेल?"

आता मी तिच्याबरोबर रोज कारखान्यात जातो. माझ्यावर पूर्वीची झळाळी नाही आणि मला तिची आठवणही येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने हत्यार पडलेले असेल. त्याला वर काढा, पुसा, पण नुसते चमकवून भिंतीवर टांगू नका. आणि कधी कुणी तुम्हाला सांगितले की तुमचा हातच वाकडा आहे, तर रडण्याआधी ज्याने मोजले त्या गुण्याला एकदा पालथे करून पाहा. दोष त्याचा निघाला तरी त्याला फेकू नका. घासा. थोडा झिजेल, पण सरळ होईल. मी झालो.