प्लग काढला म्हणजे झालं?

देवमनभाऊंनी वाल्व्हचा जुना, बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हापासून कुंदाताईंच्या डोक्याला ताप झाला होता. दोघंही हॅम रेडिओवाले, म्हणजे घरच्या वायरलेस सेटवरून दूरदूरच्यांशी हौसेनं बोलणारे; भाऊ अकोल्याच्या जठारपेठेत, ताई अमरावतीत. कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा तीस वर्षं सांभाळून ताई रिटायर झालेल्या. "मी येईपर्यंत झाकण उघडू नका," हे त्यांनी रेडिओवर दोनदा आणि फोनवर तीनदा बजावलं होतं. रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून त्या पोचल्या, तर झाकण पलंगावर आणि भाऊंचा हात पेटीच्या तोंडाशी.

"हात मागं घ्या!" ताई दारातूनच ओरडल्या.

"चिल्लावता कावून? प्लग काढून घंटा झाला."

"अन् कॅपॅसिटर?"

"थो बी रिकामा झाला असन आतापर्यंत."

"असन? अडीच हजार व्होल्ट भरून राह्यतात त्यात. प्लग काढला म्हणून ते घरी नाई जात, भाऊ! बोटात अंगठी तशीच!"

बोलण्यात अर्थ नव्हता. ताईंनी पिशवीतून हातभर प्लास्टिकच्या पाइपची दांडी काढली. तिच्या टोकाच्या हुकाला लावलेली जाड तार पेटीच्या लोखंडी अंगाला पक्की जोडली, एक हात पाठीमागं घेतला आणि हूक कॅपॅसिटरला टेकवला.

फट्‌कन् आवाज झाला. निळी ठिणगी उडाली. भाऊंच्या पत्नी आशाबाई लाटणं घेऊनच धावत आल्या.

"काय झालं वो?"

"काई नाई, वहिनी. थोडक्यात वाचले तुमचे मालक."

ताईंनी पुन्हा हूक टेकवला, मग मीटर लावून पाहिलं. साठलेली वीज हळूहळू जिरवणारा रेझिस्टरच जळालेला होता.

भाऊ पांढरेफटक पडले. पण अर्धंच मिनिट.

"म्हंजे बिघाड तं सापडला!"

ताईंनी कपाळावर हात मारला. झाकण लावलं, वीजजोडणीची वायर पिशवीत घातली. "अशी दांडी बनवा, मले फोटो पाठवा. मंग येईन रेझिस्टर टाकाले."

स्टेशनवर जरा कुठं टेकल्या, तोच फोन आला.

"ताई, टीव्हीची वायर बी बसते याले."

"वहिनीले द्या फोन!"

"बोला, ताई," आशाबाई म्हणाल्या. "खोलीलेच कुलूप घातलं मी. चाबी माह्याजवळ हाये."

सकाळपासून पहिल्यांदाच ताईंना कोणाचं तरी म्हणणं पटलं.