मागचं वजन

चुनीलालच्या ट्रॅक्टरला पुढं सूप बसलं आणि चुनीलालचे पाय जमिनीला लागेनासे झाले. ट्रॅक्टर तसा म्हाताराच, पन्नास सालापासून तापीकाठची काळी माती उलथून दमलेला. त्याच्या नाकाडाला नंदुरबारच्या भीमसिंग फिटरनं दोन लोखंडी हात जोडले आणि त्या हातांत पत्र्याचा रुंद डबा दिला. दांडा ओढला की डबा खत भरून वर उचलणार. गावानं बघताक्षणी त्याला सूप म्हटलं.

मागं वजन लावल्याशिवाय चालवू नका, असं भीमसिंगनं जाताना बजावलं होतं. पण धीर धरेल तो चुनीलाल कसला. ढेकळं फोडताना आपण बैलांमागच्या पाट्यावर वजनाला माणूस उभा करतो, तसा इथंही करू, त्यात काय एवढं, असं म्हणून त्यानं फिटरला वाटेला लावलं.

त्याच संध्याकाळी त्यानं आपल्या सालदाराला, वाहरूला सांगून टाकलं, यंदा आखाजीला तुझं साल धरणार नाही. सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि आखाजीलाच नवं धरतात. वाहरूचं साल मात्र चुनीलालच्या बापाच्या वेळेपासून न विचारताच धरलं जायचं. उन्हाळाभर उकिरडा उपसून पाटीपाटीनं खत गाडीत भरायचं, हे त्याचं काम. ते आता सूप करणार होतं. वाहरू "बरं मालक" म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

आखाजीच्या आदल्या दिवशी गाव उकिरड्याभोवती जमलं. चुनीलालच्या बायकोनं, रंजनाबाईनं, सुपाला कुंकू लावून नारळ फोडला. चुनीलालनं ऐटीत दांडा ओढला. सूप भरलं, वर निघालं आणि ट्रॅक्टरची मागची चाकं अधांतरी झाली.

"चुनीलालभाई, तुमना ट्रॅक्टर पाया पडी ऱ्हायना," कुणीतरी म्हणालं, आणि सगळा गाव फिदीफिदी हसला. चुनीलालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाट्यावर उभे राहणारे गडी तिथं मोप होते, पण या धुडाच्या शेपटावर चढायला एकही पुढं येईना.

तेवढ्यात वाहरू आला, मागच्या लोखंडी पट्टीवर चढला आणि सीटला धरून उभा राहिला. मग सूप अर्धंच भरलं की चाकं जमिनीवर राहत, काम चालत होतं.

दिवसभर वाहरू तिथंच. धूर त्याच्या नाकातोंडात जात होता, खड्ड्याखड्ड्याला गुडघे खिळखिळे होत होते. लोक सुपाची तारीफ करत होते आणि चुनीलालला पाठीवर वाहरूचा श्वास लागत होता. ज्याला आपण नको म्हटलं त्यानंच आपली अब्रू राखली, आणि आपण त्याला नुसतं वजन करून टाकलं. हे सगळं त्याला कळत होतं हो. तरी "उतर" म्हणायला त्याची जीभ उचलली नाही, कारण लोक पुन्हा हसले असते. याची त्याला जास्तच लाज वाटली.

सकाळी, आखाजीच्या दिवशी, तो वाहरूच्या झोपडीवर गेला. वाहरूची बायको कमलीबाई गाठोडं बांधत होती. दोघं मोलगीकडं, डोंगरातल्या आपल्या पाड्यावर निघाले होते.

"वाहरू, तुन्हं साल मी धरी ऱ्हायनू," चुनीलाल म्हणाला.

"काय काम शे मालक?" वाहरूनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "खत ते सूप भरस. मंग मन्हं काम मांगे उभं ऱ्हावानं का?"

"नही, नही," चुनीलाल घाईघाईनं म्हणाला. त्याला वाहरूचा मान राखायचा होता. "तठे आते दगड भरसू."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

वाहरूनं थोडा विचार केला. "दगड चालतीन," तो म्हणाला, आणि वाकून गाठोड्याचं दुसरं टोक धरलं.

चुनीलाल मान खाली घालून दुसरं एखादं काम आठवत राहिला. एकही आठवेना. शेवटी कमलीबाईनं त्याला जरा सरकायला सांगितलं, कारण तो दारातच उभा होता.