वायफायची नवी किल्ली

भाच्याने भिंतीवरचा राऊटर उतरवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हे कुलूप आहे की सुतळीची गाठ? एन्क्रिप्शन बाबा आदमच्या काळातलं! कुणीही चुटकीसरशी सोडवेल. गिऱ्हाइकांची मापं, तुझे पैसे, सगळं चव्हाट्यावर."

मावशीने शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. "मग बदल ना. पासवर्ड तेवढा तोच ठेव."

"अख्ख्या गल्लीला तोंडपाठ आहे तो!"

"असू दे."

तो पासवर्ड तिच्या लेकाने घातला होता. त्याने शिवणकाम पुढे चालवायचं की नोकरी धरायची, यावरून मायलेकांची जुंपली आणि तो घर सोडून गेला. दोघंही एकाच मातीची. ना त्याचा फोन, ना हिचा. पण तो कधीतरी म्हणाला होता, की फोन एकदा जोडला की घराजवळ येताच आपसूक जोडला जातो. मावशीने ते मनात धरलं होतं. लेक कधी गल्लीत आला, तर त्याच्याआधी त्याचा फोन घर ओळखेल.

भाच्याच्या ध्यानात आलं. तो जरा नरमला. "हे बघ, नव्या पद्धतीचं कुलूप लावलं की जुनी ओळख चालत नाही. हवं तर त्याच्यासाठी जुन्या नावाचं, जुन्याच कुलपाचं वेगळं नेटवर्क काढतो. पाहुण्यांना देतात तसं. इंटरनेट मिळेल, पण घरातलं काही दिसणार नाही."

मशीन थांबलं.

"पोटच्या पोराला पाहुण्यांत बसवतोस होय रे, शहाण्या?"

"मग नवा पासवर्ड त्याला कळणार कसा? पासवर्ड काय स्वप्नात येणार आहे त्याच्या?"

मावशी बराच वेळ हातातल्या बाहीची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "लाव नवं कुलूप. चांगलं भक्कम लाव. आणि त्याचा नवा नंबर दे. तुझ्याकडे आहे, मला ठाऊक आहे."

भाच्याने नवा पासवर्ड कागदावर लिहिला आणि गुपचूप नंबर लावून फोन तिच्या हाती दिला. घंटी वाजत राहिली. पलीकडून "हॅलो" आलं, तशी ती कसं आहे, काय आहे, काही न विचारता कागदावरची अक्षरं घडाघडा वाचत सुटली.

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

"आई, हळू सांग गं. पेन शोधतोय."