कुसुमअक्काचा प्रिंटर

रामकिशनच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, खिडकीला शेजारच्या होस्टेलमधल्या पोरी लोंबकळलेल्या, आणि मधोमध स्टुलावर त्या दिवसाचं दैवत बसलेलं. दैवत म्हणजे घरचा प्रिंटर. त्याला हळदकुंकू लावलं होतं, हार घातला होता, आणि कागद जिथून बाहेर पडतो तिथे कुणीतरी लिंबू ठेवलं होतं.

प्रिंटरवर दोन्ही हात ठेवून विरूपाक्ष महाराज डोळे मिटून होते. महाराज उदगीरकडचे. बोलताना मध्येच कन्नड पेरलं की लोक जास्त घाबरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"बा अक्का, बा!" ते गरजले. "ये! कंप्युटरचं ऐकू नको, माझं ऐक!"

आणि प्रिंटर घरघरला. कंप्युटर तर बंद होता. तरी लिंबू ढकलून कागद बाहेर आला, त्यावर लाल-काळ्या पट्ट्या आणि तुटक रेघा.

महाराजांनी तो उंच धरला. "हे रगत. ह्या पडलेल्या भिंतीच्या भेगा. रामकिशन, तुझी अक्का ढिगाऱ्याखालून बोलायलीय."

रामकिशनच्या बायकोला, शिवकांतावहिनींना, रडू फुटलं. रामकिशनची थोरली बहीण कुसुम भूकंपात गेली, दहावीत असताना. महाराजांना हे अंतर्ज्ञानाने कळलं म्हणे. कुसुमचा फोटो प्रिंटरच्या बरोबर वर टांगलेला, खाली नाव, जन्मतारीख आणि भूकंपाची तारीख. एवढं वाचायला अंतर्ज्ञान कशाला लागतं? पण लातूरमध्ये त्या तारखेपुढे कुणी तोंड उघडत नाही.

मी रामकिशनचा शेजारी, क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याची मुलगी दीपमाला माझीच विद्यार्थिनी, आणि वर्गातली सगळ्यात चिवट पोरगी. तिचं 'नीट'चं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचं, हॉलतिकीट आलं होतं आणि घरच्या प्रिंटरवर निघत नव्हतं. आमच्या गल्लीत दर चार घरांआड झेरॉक्सचं दुकान आहे. पण वहिनींनी आधी महाराजांना बोलावलं आणि महाराजांनी निकाल दिला.

"अक्काला परीक्षा देता आली न्हाई, ती भाचीला देऊ देईना. दुसऱ्या मशीनवरनं कागद काढाल तर पोरगी वर्गातच उलथी पडंल. यंदाचं साल अक्काला देऊन टाका. पुढल्या साली सीट पक्की! आन् परीक्षा होईस्तोवर कंप्युटरला हात न्हाई."

कंप्युटरला लाल दोरा बांधला गेला.

माझं डोकं तडकलं. मी पुढे झालो, प्रिंटरचं बटण दाबून धरलं. तोच कागद, त्याच पट्ट्या, तसाच बाहेर. "हा प्रिंटर स्वतःचे रंग तपासून बघतो. कंप्युटर लागतच नाही. महाराजांचा अंगठा बघा कुठे होता!"

मला वाटलं, जिंकलो.

"बघा," महाराज हसून म्हणाले, "अक्का सरांवर पण प्रसन्न हाय." आणि एक बाई चक्क माझ्या पाया पडली.

मी दीपमालाला बाजूला घेतलं. "चल, कोपऱ्यावरनं प्रिंट काढून आणू."

"नका सर," ती म्हणाली. "पेपरात मला आत्या दिसली तर?"

रामकिशनला मी रोज सांगत राहिलो. तो मान खाली घालून म्हणायचा, "एक पोरगी गेलेली हाय सर आमच्या घरातली. दुसरी कशी पाठवू?" परीक्षेच्या रविवारी अख्खी गल्ली सेंटरकडे धावली आणि दीपमाला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली.

सोमवारी दोरा सुटला. "आता बघा सर," रामकिशन म्हणाला. मी कंप्युटर उघडला.

लातूरमध्ये 'बारावीचं घर' म्हणून एक प्रकार असतो. पोरीचं वर्ष आलं की टीव्हीची केबल कापतात, पाहुणे बंद करतात, फोन कपाटात जातो. रामकिशनने कंप्युटरसुद्धा आवळून घेतला होता.

"सिक्युरिटी कधी वाढवली?" मी विचारलं.

"गेल्या महिन्यात. माणूस बोलावला होता. क्लासच्या टेस्ट आन् परीक्षेची साइट सोडून काहीच उघडू नये, लई टाइट करून घेतलं."

त्या माणसाने इतकं टाइट केलं होतं, की घरचं वायफायही कंप्युटर एसटी स्टँडवरचं असल्यासारखं परकं धरत होता. प्रिंटर त्याच वायफायवर. तो बिचारा खोलीभर अंतरावर बसलेला, आणि कंप्युटर त्याला चोर समजून दार लावून घेत होता. मी वायफायच्या सेटिंगमध्ये 'सार्वजनिक' होतं तिथे 'खाजगी' केलं आणि प्रिंटरला परवानगी दिली. चहा गार व्हायच्या आत झालं.

प्रिंटर घरघरला. अडकून पडलेले सगळे हुकूम एकामागोमाग सुटले. दीपमालाचं हॉलतिकीट. पुन्हा हॉलतिकीट. पुन्हा. जितक्यांदा तिने बटण दाबलं होतं तितकी. प्रत्येकावर तिचा वेणी घातलेला फोटो आणि कालची तारीख.

वहिनींनी फोटोला हात जोडले. "अक्का सुटल्या! महाराजांना फोन लावा हो."

रामकिशन लावू लागलासुद्धा.

दीपमाला खाली बसून कागद गोळा करत होती. "सर, एवढंच होतं?"

"एवढंच, बाळ."

तिने गठ्ठा नीट केला, कडा जुळवल्या, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तशीच धरून बसली.

मी हे लिहितोय तेव्हा महाराजांची तारीख मिळत नाही. अर्ध्या गल्लीतले प्रिंटर त्यांच्या हातून ओवाळून घ्यायचे आहेत. माझं कुणी ऐकेल असं मला वाटत नाही, तरी सांगतो. यंत्र बंद पडलं तर मेलेल्या माणसावर आळ घेऊ नका. काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर मध्ये आपण काय बदललं ते आठवा. ज्याला कळतं त्याला विचारा. आणि बाबांनो, विचारायचं ते परीक्षेच्या आधी विचारा.