तळ्यापर्यंतची गाडी

मिस्त्रीच्या हातात गेलेलं यंत्र बरं झाल्याशिवाय परत येत नाही, असं गोल्फच्या मैदानावर सगळे म्हणत. त्यातली निम्मी कीर्ती खरं तर स्टोअरबाईची होती. स्टोअरबाई म्हणजे त्याची बायको. तीस वर्षं तो मैदानाच्या वर्कशॉपमध्ये खेळाडूंना नेणाऱ्या छोट्या गाड्या उघडायचा आणि ती जाळीच्या खिडकीमागून सुटे भाग द्यायची. जुना भाग समोर ठेवल्याशिवाय नवा मिळायचा नाही, मग मागणारा नवरा असो की मॅनेजर. "तुटलेला दाखवा, मग बोलू," एवढंच म्हणून ती पुन्हा रजिस्टरात डोकं घालायची. कामावर ती त्याला मिस्त्री म्हणायची आणि तो तिला स्टोअरबाई. निवृत्तीनंतर ही नावं त्यांच्याबरोबर घरी आली आणि तिथेच राहिली.

मैदानाच्या पलीकडे एक तळं होतं. जेवणाच्या सुट्टीत दोघं पेट्रोलवर चालणारी एक जुनी गाडी काढून तिथे डबा खायला जायची. त्यांच्या घरापासूनही ते लांब नव्हतं, पण वाट अरुंद; मोटार जायची नाही, आणि शेवटच्या चढावर चाकांची खुर्चीही चढायची नाही. जायचं तर पायी, नाहीतर गोल्फच्या गाडीतून. बाईच्या पायांतली ताकद आजारानं केव्हाच नेली होती. म्हणून तीच गाडी भंगारात निघाली तेव्हा मिस्त्रीनं ती घरी आणली. गंजलेला पत्रा, उंदरांनी पोखरलेली सीट, जाम झालेलं इंजिन. बाई पलंगावरून खिडकीतून बघत होती. "माझ्यासारखीच दिसते की," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मग तिनं सरळ सांगितलं, "मिस्त्री, ही चालू झाली की एकदा मला तळ्यावर न्या. मग माझी काही तक्रार नाही."

तिला एवढंच हवं होतं. पण डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मिस्त्रीला बाजूला घेऊन दोन महिन्यांची मुदत सांगितली होती, आणि या शेवटच्या वाक्याचा त्यानं धसका घेतला. तळं बघून झालं की हिचं थांबायचं कारण संपेल, असं त्याच्या डोक्यात बसलं. वेडेपणाच तो. पण घाबरलेला माणूस शहाणपण बाजूलाच ठेवतो, आणि हा तर पार हादरला होता.

सुरुवातीचे दिवस त्यानं झपाटून काम केलं. इंजिन खोललं, पिस्टन सोडवला, पेट्रोलची टाकी आतून घासून घासून चकचकीत केली. विसाव्या दिवशी त्यानं पेडल दाबलं आणि गाडी धूर सोडत फटफटायला लागली. या जातीच्या गाडीत पेडल दाबलं की इंजिन सुरू होतं आणि पाय काढला की बंद पडतं. मिस्त्रीनं चटका बसल्यासारखा पाय काढला.

बाईची धाकटी बहीण सेवेला येऊन राहिली होती. ती धावत शेडच्या दारात आली. "भाऊजी, सुरू झाली ना?"

"कुठली सुरू? नुसती खोकली," तो म्हणाला, आणि मेव्हणीची पाठ वळताच त्यानं कार्ब्युरेटर खाली उतरवला.

तिथून पुढे चालढकल सुरू झाली. आज पत्र्याचे खड्डे लांबीनं बुजवणं, उद्या घासणं, परवा रंगाचा पहिला हात, आणि तो वाळेपर्यंत चार दिवस. सकाळी आवळलेला बोल्ट संध्याकाळी सैल व्हायचा. सुटे भाग अजूनही बाईच मागवायची. फोनवरून दुकानदाराला दरडावणं तिला त्या आजारातही छान जमायचं. सुरुवातीला ती उशांना टेकून तासभर बसू शके. मग अर्धा तास. मग पाव.

एके दिवशी त्यानं कार्ब्युरेटरच्या सांध्यात बसणारं कागदी गॅस्केट मागितलं. तिसऱ्यांदा.

"जुनं दाखवा," बाई म्हणाली.

"आता इथे कसलं स्टोअर?"

"दाखवा म्हटलं ना."

त्यानं आणून तिच्या हातात ठेवलं. तिनं उजेडात धरलं, कडेनं बोट फिरवलं. ना चीर, ना सुरकुती. मिस्त्री मान खाली घालून उभा होता. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं गॅस्केट त्याला परत दिलं. "आज न्या मला," ती म्हणाली. "उद्याचं काही सांगता येत नाही."

मिस्त्री शेडकडे पळाला. आयुष्यभर त्यानं घाईत काम करणाऱ्यांना शिव्या दिल्या होत्या. आता त्याच्याच बोटांतून स्क्रू निसटत होते. कार्ब्युरेटर बसला. या गाडीला गिअर नाही. मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं, आणि त्यासाठी एक स्विच असतो. तो स्विचही त्यानं वेळ काढायला खोलून ठेवला होता. जोडत बसायला सवड नव्हती म्हणून त्यानं वायरी सरळ एकमेकींना बांधल्या.

गाडी तळ्याकडे तोंड करून रस्त्यावर उभी केली. मेव्हणीनं आणि त्यानं मिळून बाईला उचललं. तिचं वजन इतकं कमी झालं होतं की तो एकटाही उचलू शकला असता. सीटवर उशा लावल्या, ओढणीनं तिला सीटच्या पाठीला बांधलं. तो शेजारी बसला आणि त्यानं पेडल दाबलं.

गाडी मागे निघाली.

वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्यानं पाय काढला. "दहा मिनिटं दे. दोनच वायरी बदलायच्यात."

"दहा मिनिटं बसवणार नाही मला." तिचा चेहरा घामानं डबडबला होता, तरी ती हसत होती. "उलट तर उलट. वळवा आणि उलटीच न्या तळ्यावर. चला, मिस्त्री."

वळायला जागा होती ती खाली, तळ्याच्या विरुद्ध दिशेच्या कोपऱ्यावर. मान मागे वळवून तो गाडी तशीच उलटी घेऊन निघाला. कोपऱ्यापर्यंत पोहोचले न पोहोचले तोच काहीतरी फटकन वाजलं. इंजिन चालू, चाकं थंड. चाकं फिरवणारा पट्टा उतरला होता. तो त्यानंच कधीतरी मुद्दाम सैल केला होता आणि आज ताणायचा राहून गेला होता.

तो उतरला, मागे गेला आणि गाडी तळ्याच्या दिशेनं ढकलू लागला. घर परत आलं; मेव्हणी तेवढ्यात औषधं आणायला गेली होती. शेड उघडी होती, हत्यारं दारातच पडली होती. त्याचा वेग कमी झालेला तिला कळला.

"थांबू नका," ती म्हणाली. "ढकला."

तो ढकलत राहिला. आता तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच त्याला बोलता आलं. "मी मुद्दाम लांबवलं गं. तू जाशील म्हणून."

"माहीत आहे मला. दुसरं गॅस्केट मागितलंत तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुमचं तुम्हालाच कळेल. रोज वाटायचं, आज कळेल. तुम्ही माझे दिवस वाढवत नव्हतात, मिस्त्री. मी त्या खिडकीत बसून रंग वाळताना बघत होते."

त्याला रडू फुटलं. तसाच रडत, जोर लावत तो तिला चढाच्या पायथ्याशी घेऊन आला. वर जेमतेम साठ-सत्तर पावलांवर वाट वळत होती, आणि त्या वळणावरून तळं दिसायचं. त्यानं खांदा लावला. गाडी हातभर चढली आणि परत खाली आली. पुन्हा लावला. बुटांखालची खडी सरकली, तो गुडघ्यावर आपटला, तरी त्यानं गाडी सोडली नाही. तिसऱ्या वेळी ती जागची हललीसुद्धा नाही. बाईची मान एका बाजूला कलली होती.

"तुला उचलून नेतो," तो धापा टाकत म्हणाला.

"नको. दुखतंय आता." तिनं डोळे मिटून घेतले. "घरी चला."

दुसऱ्या दिवशी त्यानं दहा मिनिटांत वायरी बदलल्या, स्विच जोडला, पट्टा ताणला. गाडी पहिल्या दाबात सुरू झाली आणि घड्याळासारखी चालली. बाईला त्यानंतर बसताच आलं नाही. नवव्या दिवशी ती गेली, आणि त्या नऊ दिवसांत गाडीत दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.