डेल्मरची पिपाणी

ओलेटाकाकीनं अर्धं कोकरू आणून डेल्मरच्या ताटाशेजारी ठेवलं, तेव्हा त्यानं नुकताच बिस्किटांवर, म्हणजे आमच्याकडच्या मऊ पावांवर, पांढरा रस्सा ओतून घेतला होता.

"हे घे. बाकीचं तुझ्या पाव्हण्यानं खाल्लं," ती म्हणाली.

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. डेल्मर योकम म्हणजे आमच्या हिकरी खोऱ्यातल्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष. कायोटला हाक मारून बंदुकीपुढं आणण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगत असतो. कायोट म्हणजे लांडग्याचं धाकटं नि कोल्ह्याचं थोरलं भावंड. दोघांच्या खोड्या घेऊन जन्मलेलं. ससा मरताना जसा किंचाळतो तसा आवाज पिपाणीतून काढायचा. फुकटचं जेवण म्हणून कायोट येतो नि छर्रे खातो. मोकळ्या माळावर हे जमतं. आमच्याकडं पडली सीडरची गच्च झाडी. आत बसलं की स्वतःच्या बुटाचं टोक दिसायची मारामार. कायोट दिसायच्या आधी त्याला आपला वास लागलेला असतो. मी डेल्मरचा मेव्हणा, म्हणून त्याची घडीची खुर्ची झाडीत वाहून न्यायचा मान माझ्याकडं.

"काकी, खाताना हे काय आणलंस?" डेल्मर कुरकुरला.

"तिकडं माझी मेंढी पान्हा घिऊन वरडतीया आन् तुला खाणं सुचतंया? शनिवारी तुमी झाडीत जाऊन केकाटला, शनिवारीच कोकरू गेलं. काल केकाटला, काल ह्ये गेलं. ज्या दिशी तुमी घरी घोरता त्या दिशी माझा कळप सुखात असतो."

"योगायोग असतो गं."

"योगायोग तुझं कपाळ! तुमी मंडळाचा नेम काढला, का हाक चालू असली की आमी कुत्री बांधायची आन् घरात गप बसायचं. म्हंजी अंगण मोकळं, गोठा मोकळा. आरं, तुझी पिपाणी न्हवं ती, दवंडी हाय दवंडी! बंदूकवालं समदं झाडीत बसल्यात, या जेवायला!"

लोक फिदीफिदी हसले. डेल्मर लालबुंद झाला. "तुला ह्यातलं काही कळायचं नाही काकी. काल ऐन वेळी वारा फिरला, नाहीतर..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत काकीनं कोकरू उचललं नि दार आपटून गेली.

मी तिच्या मागं गेलो. तिच्या गाडीपाशी पोचलो तर बाई चक्क रडत होती. नवरा जाऊन तिला बरेच हिवाळे झालेत, पण असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"रॉयस, वेंडेलचा फोन आलावता," ती म्हणाली. वेंडेल तिचा लेक, शहरात असतो. "म्हनला, आई, आता आनखी एक जरी कोकरू गेलं ना, तर मी ट्रेलर घिऊन येनार. मेंढरं बाजारात, आन् तू माझ्याकडं चौथ्या मजल्यावर. मी तिथं काय करू रं? खिडकीत कुंडीवानी बसू?"

फेब्रुवारीतला पाऊस बारीक बारीक पडत होता, लाल मातीचा नुसता राडा झाला होता. "तो घरचाच पोरगा हाय, वाईट न्हाई," ती नाक पुसत म्हणाली, "पन त्याच्या मजल्यावर मेंढीचा वास येत न्हाई."

दोन दिवसांनी बघतो तर काकी डेल्मरच्या दारात हजर! हातात पीचच्या फोडी भरून भाजलेली गोड पोळी, डोईला चर्चचा रुमाल, आवाज मधात घोळलेला.

"चुकलं बाबा माझं. बाईमानसाला ह्यातलं काय कळतंय? शुक्रवारी सकाळी ये माझ्या झाडीत. पार वरच्या टोकाला बस. आन् जेवढं केकाटता येईल तेवढं केकाट. म्हंजी, वाजव."

डेल्मर इडलीसारखा फुगला, असं म्हणायचा मोह होतो, पण इकडं इडली कुणी पाहिली? भिजलेल्या बिस्किटासारखा फुगला म्हणा.

"कुत्रं बांधायचं हं काकी."

"बांधते की."

"आणि तू घराबाहेर पडायचं नाही."

"मी म्हातारी कुटं जातीया लेका?"

शुक्रवारी आम्ही निघालो. डेल्मरच्या अंगात पानापानांचा सदरा, तोंडाला हिरवा रंग, आणि माणसाचा वास लपावा म्हणून स्कंक नावाच्या दुर्गंधी जनावराच्या घाणीची अख्खी बाटली अंगावर. माझी बहीण त्याला घरात कशी घेते, देव जाणे. खांद्यावर बंदूक नि हातात पिपाणी त्याची. खुर्ची, पिशवी नि बॅटरीचा भोंगा माझ्याकडं. वरच्या टोकाला पडलेल्या ओकच्या खोडाच्या आडोशाला त्यानं ठाण मांडलं. पिशवी आमच्या मागं ठेवली.

आणि मग त्यानं जे सुरू केलं! सशाच्या सात पिढ्या एकदम मरायला लागल्या. भोंग्यातून एक ससा, पिपाणीतून दुसरा, मधेच डेल्मरचा खोकला. मी हळूच म्हटलं, "दाजी, थोडं दमानं. अशानं ससेसुद्धा ऐकायला येतील."

"गप रे! हाकेत जीव ओतावा लागतो. बघ, आता ओ देईल."

तेवढ्यात खालून, काकीच्या गोठ्याकडून, ढुम्म करून एक बार झाला.

डेल्मरच्या तोंडातनं पिपाणी गळून पडली. "माझ्या हाकेत बार कुणी काढला?"

आम्ही उठलो. मी पिशवी उचलायला गेलो तर ती ओली. पाऊस तर थांबलेला. जवळ चिखलात ताजे ठसे होते, चार बोटांचे, नखं रुतलेली. वारा आमचा वास नेईल त्या बाजूनं कायोटसाहेब आमच्या पाठीमागं आले होते, दोघं बसलेत ह्याची खात्री करून घेतली होती, अध्यक्षांच्या पिशवीवर तंगडी वर केली होती, नि सरळ गोठ्याकडं उतरले होते. मी डेल्मरला ठसे दाखवले. तो म्हणाला, "कुत्रं असेल कुणाचं तरी."

गोठ्यात काकी पालथ्या बादलीवर बसली होती. अंगात मेलेल्या नवऱ्याचा मेंढरांच्या वासानं थबथबलेला कोट, मांडीवर त्याचीच एकनळी बंदूक. दारात कायोट आडवा. कोकरं आईच्या पोटाखाली चुकूचुकू पीत होती.

"काकी, तू बाहेर आलीस! नेम मोडलास!" डेल्मर ओरडला.

"घरात न्हवते का? गोठा काय घराभायेर हाय?" ती उठली. माझा हात तिनं घट्ट धरला. "आला बग रॉयस, वाटच बगत व्हते. पिपाणी वाजायला लागली आन् आला."

डेल्मरनं कान टवकारले. "काय म्हणालीस? पिपाणी वाजली आणि आला?"

"व्हय बाबा, तुझ्याच पिपाणीनं आला. देवाशपथ!"

झालं! डेल्मरनं कायोटच्या मानेवर पाय ठेवून फोटो काढून घेतला. मंडळानं त्याला ढाल दिली. काकी समारंभाला येऊन सगळ्यात जोरात टाळ्या वाजवून गेली.

वेंडेलला काही धीर निघाला नाही; आणखी कोकरू जायची वाट न बघता तो रविवारी ट्रेलर घेऊन आलाच. काकीनं त्याला कायोटचं कातडं दाखवलं, पोटभर खाऊ घातलं आणि म्हणाली, "ट्रेलर आनलाच हायेस तर वाया कशाला घालवतोस? जा, मेंढरांना गवताच्या गठड्या घिऊन ये." पोरगा गप गेला नि गठड्या घेऊन आला.

आता खोऱ्यातले झाडून सगळे मेंढरंवाले डेल्मरच्या दारात. "डेल्मरराव, आमच्या झाडीत या. पार वरच्या टोकाला बसा. मनसोक्त वाजवा." वसंतापर्यंत त्याला उसंत नाही. प्रत्येक ठिकाणी तो वर किंचाळतो, खाली गोठ्यातून ढुम्म होतं, नि तो छाती पुढं काढून उतरतो.

परवा खुर्ची माझ्या खांद्यावर देताना म्हणाला, "बघितलंस मेव्हण्या? माझ्यावाचून ह्या खोऱ्याचं पान हलत नाही."

म्हटलं, "खरंय दाजी. जोरात वाजवा."